सभापतींच्या अंगणाला टाकी

माझं काम पाहायचं असेल तर माणसाला मान खाली घालावी लागते. म्हणून ते फारसं कुणी पाहिलेलं नाही. घर बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव निघतं, देऊळ किंवा मशीद बांधणाऱ्याचं तर दगडावर कोरतात. पण फाटकापासून ओट्यापर्यंत ज्या दगडांवरून माणूस चालत येतो, ते कुणी बसवले हे विचारायचं कुणाला सुचत नाही. लोक ते त्या दगडांवरून घसरल्यावर विचारतात. जन्मभर अंगणं आणि वाटा फरसबंद केल्यावर मी एवढंच सांगू शकतो, की ज्या कामाबद्दल कुणी काही बोलत नाही, ते चांगलं झालेलं असतं.

आमच्या वरवट बकालच्या पट्ट्यात फरसबंदी म्हणजे काळ्या मातीशी भांडण. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जातो. तिच्यावर थेट फरशी बसवली तर पहिल्या वर्षी ती हलते, दुसऱ्या वर्षी वाजते आणि तिसऱ्या वर्षी घरमालक रस्त्यात भेटला की वेगळ्याच नजरेनं पाहतो. म्हणून आधी काळी माती उकरून फेकायची. खड्ड्यात मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुमसानं चोपायचा, पुन्हा मुरूम, पुन्हा चोप. त्यावर वाळू, वाळूवर फरशी, सांध्यात सिमेंट. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो ढाळ, म्हणजे उतार. पाणी कुठे जाणार हे आधी ठरवायचं, मग दगडाला हात लावायचा. ढाळ म्हटलं की बायका तोंडाला पदर लावायच्या, कारण आमच्याकडे ढाळ पोटालाही लागतात. एका वकीलसाहेबांना शब्दाची लाज नव्हती, पण त्यांना तो ढाळ शेजाऱ्याच्या अंगणाकडे हवा होता. त्या शेजाऱ्याशी त्यांचा दावा चालू होता. मी म्हटलं, साहेब, पाण्याला कोर्टाचे कागद वाचता येत नाहीत, ते उलटं येईल. ते हसले आणि त्यांनी दुसरा मिस्त्री पाहिला.

पण मला सांगायची आहे ती अंबादासभाऊंच्या अंगणाची गोष्ट.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. पंचायत समित्या नव्या होत्या, त्यांच्या पाट्यांचा रंगही पुरता वाळला नव्हता. आमच्या भागातले अंबादासभाऊ सभापती झाले. माणूस सरळ, कष्टाळू, पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात वाढलेला. पण खुर्ची नवी होती आणि नवी खुर्ची माणसाला थोडं ताठ बसवते. त्यांना फिरायला जीप मिळाली. मग बातमी आली की मंत्री दौऱ्यावर येणार आहेत आणि भाऊंच्या घरी चहा घेणार आहेत. भाऊंनी मला बोलावलं.

"उस्मान मिस्त्री, मोटार पार ओट्यापाशी आली पाह्यजे. साहेबाचा पाय मातीले लागला नाही पाह्यजे."

"दगड कोणता टाकू, भाऊ?"

"शहाबादी. जाड. घोटून अशी गुयगुयीत कर का तोंड दिसलं पाह्यजे. नागपूरले म्या एका बंगल्यात पाह्यलं हाय."

फरशी शेगाव टेसनावर उतरली आणि तिथून भाऊंच्याच बैलगाडीनं घरी आली. लाख्या आणि चांद्या ही भाऊंची बैलजोडी. लाख्या तांबूस, चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका. त्या उन्हाळ्यात त्यांनी खेपांवर खेपा केल्या. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

काम चालू असताना ओसरीत बाजेवर एक म्हातारा बसलेला असायचा. भाऊंचे वडील, नथ्थूजी. सगळे त्यांना आबाजी म्हणत. त्यांना लकवा झाला होता आणि कमरेखाली काही उरलं नव्हतं. पण कमरेवर जे उरलं होतं ते चारचौघांना पुरेल एवढं होतं. एरवी रोज सकाळी त्यांची दमणी, म्हणजे छोटी हलकी बैलगाडी, अंगणात यायची. गडी बैल फिरवून दमणीची पाठ ओट्याला टेकवायचा. आबाजी दोन्ही हातांवर जोर देऊन ओट्यावरून सरकत सरकत गाडीत जाऊन बसायचे. कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. मग दिवसभर शेतातल्या बाभळीखाली बसून सगळ्या जगाला शिव्या. संध्याकाळी तसेच परत. ओटा आणि दमणी एकाच उंचीची होती. तो ओटा आबाजींनीच धडधाकट असताना बांधवून घेतला होता, धान्याची पोती उतरवायला सोपं जावं म्हणून. आता ते स्वतः त्यावर उतरत होते.

माझं काम चालू असेपर्यंत दमणी आत येणं शक्यच नव्हतं. तेवढे दिवस आबाजी घरीच राहिले आणि माझ्या कामावर देखरेख करत बसले.

"काऊन बे उस्मान, हे चाललं कोनासाठी?"

"मोटारीसाठी, आबाजी."

"मोटारीले एवढी मऊ गादी. अन् मले ही सुंभाची बाज."

"मंत्री येऊन राह्यले ना."

"येऊ दे. थो काय माह्या शेतात निंदाले येऊन राह्यला?"

फरसबंदी पुरी झाली. खरं सांगतो, देखणी झाली. सांधे दोरीत, ढाळ ओट्याकडून फाटकाकडे, पाणी टाकलं की पळत रस्त्यावर जाई. भाऊंनी वाकून पाहिलं तर खरोखरच टोपी दिसली. गाव पाहायला आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम लोकांनी मान खाली घालून पाहिलं, आणि मी थोडा फुगलो. आमच्या मातीचा गुण असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गड्यानं दमणी जुंपून फाटकात आणली. लाख्यानं फरशीवर पहिला पाय टाकला, दुसरा टाकला, आणि त्याचे चारही पाय चार दिशांना गेले. बैलांच्या खुरांना लोखंडी नाल ठोकलेले असतात. मातीत ते पक्के रुततात. घोटलेल्या शहाबादीवर त्यांना धरायला काहीच नव्हतं. लाख्या गुडघ्यांवर बसला. चांद्या त्याच्याकडे पाहत जुवात अडकून थरथरत उभा राहिला. मोठ्या मुश्किलीनं दोघांना मागे ओढलं.

इतक्या माणसांनी ते अंगण पाहिलं होतं, पण त्यावर बैल कसा चढेल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बैल येणारच, रोजच येतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

बैल एकदा जिथे पडतो ती जागा तो विसरत नाही. त्या दिवसापासून लाख्या फाटक आलं की पुढचे पाय रोवून उभा राही. गडी ओरडला, भाऊंनी स्वतः कासरा ओढला, पण तो हलेना. गोणपाट टाकून पाहिले. बैलानं पाय ठेवताच गोणपाटच घसरून गेला. माती पसरून पाहिली. ती नालांखाली गोळा झाली आणि खालचा दगड पुन्हा उघडा पडला. दुसऱ्या बाजूनं वाट काढावी तर तिथे शेजाऱ्याची भिंत. राहिला एकच उपाय. दमणी फाटकाबाहेर उभी करायची आणि आबाजींना उचलून तिथपर्यंत न्यायचं.

भाऊ ओसरीत गेले. मी तिथेच होतो, एक सांधा भरत होतो.

"बाबा, मी नेतो ना तुमाले. माह्या हातानं."

"मी पोतं हावो का?"

"तसं नाही जी."

"मंग कसं? सकायी उचलून नेशील, संध्याकायी उचलून आनशील. रस्त्यावरून लोकं जातीन. म्हनतीन, सभापती हमाली करून राह्यला."

"म्हनू द्या."

"तुले म्हनू दे. मले नाही चालत." आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

तसे ते त्या दिवसापासून घरीच राहिले. भांडले नाहीत, रागावले नाहीत, हेच वाईट होतं. संध्याकाळी गडी शेतातून आला की विचारायचे, पराटी किती वर आली, डवरा फिरवला का, बांधावरचं गवत कुणी कापलं. गडी सांगायचा. हळूहळू त्यांनी तेही विचारणं सोडलं. सूनबाई, म्हणजे कौसल्याबाई, मला एकदा म्हणाल्या, "मिस्त्री, आबाजीची भाकर अर्धीच जाऊन राह्यली. शिव्या बी देत नाहीत जी आता. घर कसं सुनं सुनं वाटते."

मी भाऊंना म्हटलं, बैल चालतात तेवढी फरशी उकरून टाकू का? त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "मंत्री येऊन जाऊ दे," ते म्हणाले. "मंग पाहू."

मंत्री मात्र येत नव्हते. दौरा ठरे, मंडपाचे बांबू येत, कप-बशा घासल्या जात, आणि निरोप येई की दौरा पुढे गेला. अंगण रोज धुतलं जाई. पोरांना त्यावर खेळायला बंदी. भाऊ स्वतः चपला फाटकात काढून येत. एवढं स्वच्छ आणि एवढं निरुपयोगी अंगण मी पुन्हा पाहिलं नाही. मला माणसाचा मोठेपणा पाहून हसू येतं, ही माझी जुनी खोड. पण भाऊंवर हसावंसं वाटेना. सगळ्या तालुक्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं की माझ्या घरी मंत्री ओट्यापर्यंत मोटारीनं येतील. आणि घरात पाऊल टाकलं की समोर बापाची पाठ दिसायची. माणूस दोन्हींच्या मध्ये उभा होता, आणि उभं राहायला जागा त्यांनी गुळगुळीत करून घेतली होती.

मग एके दिवशी सगुणाबाई आल्या.

आता घरोघर पिठाच्या गिरण्या झाल्यात, म्हणून नव्या लोकांना सांगायला हवं. जात्याचा दगड दळून दळून गुळगुळीत होतो आणि मग दाणा फुटत नाही. तेव्हा त्याला टाकी लावायची, म्हणजे छन्नीनं दगडाला पुन्हा बारीक खाचा पाडायच्या. हे काम करणाऱ्या बाया छन्नी-हातोडी घेऊन गावोगाव हाक देत फिरत. वरवटाला गिरणी झाली होती, तरी डाळ भरडायला घरात जातं लागेच. कौसल्याबाईंनी जातं ओसरीत काढून दिलं. सगुणाबाई मांडी घालून बसल्या आणि ठकठक सुरू झालं. मी त्या दिवशी एक वाजणारी फरशी पुन्हा बसवायला आलो होतो.

आबाजी बऱ्याच दिवसांनी भिंतीकडून इकडे वळले. आवाजानं वळले असतील.

"काऊन वं सगुणे, काय झालं जात्याले?"

"लय गुयगुयीत झालं जी. दाना धरतच नाही. निसतं गरगर फिरते, काम काहीच नाही."

"सभापती झालं म्हन की मंग."

कौसल्याबाईंनी पदर तोंडात धरला. सगुणाबाईंनी हसू दाबून छन्नीवर ठोका घातला. आबाजी अंगणाकडे पाहून पुढे म्हणाले, "हे झालं का त्याले बी दोन-चार ठोके मार वं जाताजाता. थे बी लाख्याले धरत नाही."

सगळे हसलो. मग एकदमच कुणी हसेना. कारण भाऊ फाटकात उभे होते. एका हातात चपला, डोक्यावर कडक पांढरी टोपी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते आत आले. बापाकडे न पाहता जात्याशी वाकले आणि नव्या खाचांवरून बोट फिरवलं.

"सगुणाबाई, हे असं शहाबादीवर होईन का?"

"दगडच हाय ना जी थो. होईन. पन मंग चमकनार नाही."

त्या वेळी भाऊंच्या मनात काय चाललं होतं हे मी सांगू शकत नाही. मी फक्त त्यांचा अंगठा पाहत होतो. तो त्या खडबडीत दगडावर पुढे-मागे फिरत होता. मग ते सरळ झाले.

"मिस्त्री, टाकी लावा."

"कुठं लावू, भाऊ?"

"फाटकापासून ओट्यालोक. बैल जिथं जिथं पाय टाकीन तिथं सारीकडं."

कौसल्याबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "अवो, अन् मंत्री?"

"मंत्री काही अनवानी येऊन नाही राह्यला."

आबाजी त्या दिवशी पुन्हा भिंतीकडे वळले नाहीत.

सगुणाबाईंनी आपल्या जावेला बोलावून घेतलं. त्या दोघी आणि मी, आम्ही तिघं त्या अंगणाला बसलो. जातं मांडीशी घेता येतं, अंगणाला आपणच सरकत जावं लागतं. मी घोटून घोटून जी फरशी आरशासारखी केली होती, तिच्यावर मीच तिरप्या खाचा पाडत होतो. सुरुवातीला हात जड झाला, खोटं कशाला बोलू. सगुणाबाईंच्या ते ध्यानात आलं. "मिस्त्री, दगडाले लागत नाही जी," त्या म्हणाल्या. "तुमालेच लागून राह्यलं." गावात एका दिवसात पसरलं की सभापतीनं अंगणाचं जातं केलं. पंचायत समितीतली एक-दोन मंडळी मुद्दाम पाहून गेली आणि मंडपात काय दळणार आहात असं विचारून गेली. भाऊंनी ऐकून घेतलं.

काम संपलं त्या सकाळी गड्यानं दमणी आणली. लाख्या फाटकाशी आला आणि सवयीनं पाय रोवले. गड्यानं कासरा ओढला नाही. त्याला तसं सांगितलेलं होतं. चांद्यानं मान खाली घालून फरशीचा वास घेतला. आबाजी ओट्याच्या काठावर येऊन बसले होते, डोक्याला रुमाल गुंडाळून, शेतात जायच्या तयारीनं. लाख्या हलला नसता तर तो रुमाल त्यांना सगळ्यांसमोर सोडावा लागला असता.

"लाख्या," त्यांनी साध्या आवाजात हाक मारली, घरातल्या माणसाला मारतात तशी. "ये बापा. पराटीत गवत झालं."

लाख्यानं एक पाय ठेवला. खाचेनं नाल धरला. खरखर असा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग दुसरा पाय. मग चांद्या. जोडी चढून ओट्यापर्यंत आली, फिरली, दमणीची पाठ ओट्याला टेकली. आबाजी दोन्ही हातांवर जोर देऊन सरकले. सवय मोडली होती, मध्येच एकदा अडले. भाऊ दोन पावलं पुढे झाले आणि तिथेच थांबले. त्यांनी हात पाठीमागे धरून ठेवले. म्हातारा सरकत सरकत गाडीत जाऊन बसला, रुमाल नीट केला आणि गड्याला म्हणाला,

"हयू हाक बे. मंत्री बसला हाय."

संध्याकाळी त्यांनी गड्याला, बैलांना, गवताला आणि गवत न काढणाऱ्याला भरपूर शिव्या दिल्याचं कौसल्याबाईंनी मला आनंदानं सांगितलं.

मंत्री आले ते त्यानंतर, रिमझिम चालू असताना. मोटार ओट्यापर्यंत गेली. उतरताना त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "वा, काय सुंदर नक्षी आहे. मुद्दाम करून घेतली?" सभापतींनी हो म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. भाऊ म्हणाले, "नक्षी नोहे साहेब. आमचे बैल घसरत होते." मंत्री हसले. त्यांना तो विनय वाटला असावा.

बाकी मंडळींच्या ध्यानात मात्र नक्षीच राहिली. जे जात्यावरून हसून गेले होते तेच माझ्याकडे आले, मंत्र्यांना आवडलेली टाकी आमच्याही अंगणाला लावून द्या म्हणून. बैल नसलेल्यांनी लावून घेतली. एका व्यापाऱ्यानं गच्चीवर लावून घेतली. ती कशासाठी असते हे मी प्रत्येकाला सांगत असे आणि प्रत्येक जण मान डोलावून म्हणे, हो हो, पण तशीच तिरपी आली पाहिजे. माझ्या धंद्याची ती सगळ्यात चांगली वर्षं. ती मला एका बैलानं दिली हे मी विसरलेलो नाही. सगुणाबाईंना माझ्यापेक्षा जास्त काम मिळालं, याचा मला त्या काळी थोडा हेवाही वाटला.

मग वर्षं गेली. आबाजी गेले, जोडी गेली, घराघरातलं जातंही गेलं. सगुणाबाईंची हाक गावात कधी बंद झाली हे सांगता येत नाही. जी हाक येत नाही ती कुठल्या दिवसापासून येत नाही, हे कोण लक्षात ठेवतो. मीही काम सोडल्यासारखंच केलं होतं. अशात भाऊंचा निरोप आला, हत्यारं घेऊन या.

गेलो. भाऊ आता म्हातारे झाले होते. खुर्ची केव्हाच गेली होती आणि तिच्याबरोबर ताठपणाही. हातात काठी होती. फाटकातून शिरताना मी सवयीनं खाली पाहिलं. फरशी एकही हललेली नव्हती. पण बैल जिथून चालत त्या दोन पट्ट्यांत खाचा पार झिजून गेल्या होत्या, दगड पुन्हा आरशासारखा. बाजूच्या खाचा मात्र काल पाडल्यासारख्या ताज्या. आबाजी त्यानंतर किती वर्षं शेतात जात राहिले ते दगडावर दिसत होतं.

"टाकी लावाची हाय, उस्मान," भाऊ म्हणाले.

"आता बैल कुठं हायेत भाऊ? कोनासाठी लावू?"

त्यांनी काठीनं आपल्या छातीकडे दाखवलं. "हा एक हाय ना उरला. परवा पावसात इथंच बसला गुडघ्यावर. पोरगं म्हनते, मी उचलून नेत जाईन रस्त्यालोक."

"मंग?"

"मंग काय. मी काही पोतं नोहो."

मी पिशवीतून छन्नी काढली, हातोडी काढली. गुडघे धरून कसाबसा खाली बसलो आणि फाटकापाशची पहिली फरशी हातानं पुसली, मागच्या वेळी सुरुवात केली होती तीच.

"तिथून नोको," भाऊ ओट्यावरून म्हणाले. "बैलाले तिकून चढा लागे. मले इकून उतरा लागते."

मी उठलो आणि ओट्यापाशी जाऊन बसलो. खाचांचा तिरपेपणा या वेळी उलटा धरला.